शेवटची ट्रॉली कोणाची?

तुळशीचं लग्न उरकलं की रहिमतपुरातल्या गवंड्यांना उसंत नसते. कुणाच्या घरी वैशाखात लग्न निघालेलं असतं म्हणून न्हाणीघर नवं करायचं असतं, कुणाला माळवद काढून स्लॅब टाकायचा असतो, कुठे भावाभावांत वाटण्या होऊन वाड्यात मधली भिंत चढत असते. मृग तोंडावर आला की सगळी कामं घाईघाईनं आटोपतात. गवंडी थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून पुढच्या कामावर जातो, आणि दारात उरतो राडारोड्याचा ढीग.

दोन वर्षांपूर्वी असा ढीग माझ्या दारात होता. न्हाणीघर पाडून नवं केलं आणि मागच्या पडवीची एक भिंत काढली, एवढंच काम. ते उक्तं दिलं होतं. दर ठरवताना टाइल्सचा रंग, नळ कुठल्या कंपनीचे, उतार कुठल्या कोपऱ्याला, सगळ्यावर तासभर बोलणं झालं. राडारोडा हा शब्द ना मी काढला, ना ठेकेदारानं. काम संपल्यावर मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “ते आमच्यात येत नाही काका. आम्ही पाडून बाहेर काढून दिलंय.” त्याच्या हिशेबानं तो चुकलाही नव्हता. ‘पाडून बाहेर काढणे’ एवढाच त्याचा दर होता, आणि बाहेर म्हणजे रस्त्यावर.

ट्रॅक्टर आज येतो, उद्या येतो म्हणता म्हणता पाच आठवडे गेले. मग वळवाची पहिली मोठी सर एका संध्याकाळी आली. ढिगातली वाळू आणि चुन्याची माती थेट गटारात उतरली, गटार तुंबलं आणि पाणी शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यातून आत गेलं. रात्री बॅटरी धरून मी गटार उपसलं. हाताला लागले ते माझ्याच न्हाणीघरातल्या हिरवट टाइल्सचे तुकडे, पाइपचं एक कापलेलं टोक आणि सिमेंटच्या गोणीचं चिंधाट. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळी त्यांच्या ओट्यावर वाळत घातलेली गोणपाटं दिसली तेव्हा मला मान वर करता आली नाही.

म्हणून हा लेख. घराचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीनं सांगणं आहे की पहिली वीट पाडण्याआधी शेवटची ट्रॉली कोणाची, हे ठरवून घ्या.

कायदा याबाबत फार स्पष्ट आहे आणि तो आपल्याला सोयीचा नाही. केंद्र सरकारनं 29 मार्च 2016 रोजी बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम काढले. त्यात दुरुस्ती आणि नूतनीकरणाचा कचराही येतो. ज्याच्या कामातून कचरा निघाला, तो माणूस तो गोळा करायला, वेगळा करायला आणि साठवायला प्रथमदर्शनी जबाबदार, असं ते नियम सांगतात. काम घरमालकानं काढलेलं असतं, म्हणून नगरपालिकेचा माणूस पहिल्यांदा घरमालकाच्याच दारात उभा राहतो. कचरा आपल्या आवारात ठेवावा किंवा नेमून दिलेल्या जागी पोचवावा, रहदारीला, लोकांना किंवा गटाराला अडथळा होईल असा टाकू नये आणि उचलण्याचं शुल्क असेल तर ते भरावं, हेही त्यात आहे. घरातल्या रोजच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात तो मिसळायचा नाही. घंटागाडीत विटांचे तुकडे दडवून टाकणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. त्या गाडीवरच्या माणसांना तो भार हातानं उचलावा लागतो.

2025 च्या एप्रिलमध्ये यासाठी नवे नियम अधिसूचित झाले. त्यांच्या अंमलासाठी 1 एप्रिल 2026 ही तारीख ठरवलेली आहे. त्यातला मोठा भार 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे, आपल्या दोन खोल्यांवर नाही. पण त्याचा अर्थ लहान कामाचा कचरा ओढ्यात लोटायला मोकळीक मिळाली, असा मुळीच नाही.

ठेकेदारावर जबाबदारी टाकता येते का? येते, पण ती तुमच्या आणि त्याच्या ठरावानं येते, आपोआप नाही. म्हणून दर ठरवतानाच ती लिहून घ्यायची. दर ठरवायला राडारोडा किती निघेल याचा अंदाज लागतो, आणि तो काढणं अवघड नाही.

खडी, वाळू, मुरूम आपल्याकडे ब्रासवर मोजतात. राडारोडाही ब्रासवरच मोजावा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची विटांची भिंत घ्या. उभी असते तेव्हा ती 75 घनफूट भरते. पाडली की तुकड्यांत पोकळी राहते आणि ढीग जवळजवळ दीडपट होतो, म्हणजे 110 घनफुटांच्या आसपास. एका भिंतीचा एक ब्रासहून थोडा जास्त राडारोडा झाला, आणि त्याचं वजन चार टनांच्या घरात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल बसतो, तोही फाळका किती उंच आहे त्यावर. सहा बाय आठ फुटांच्या न्हाणीघराची फरशी खालच्या कोब्यासकट आणि भिंतींच्या टाइल्स सात फुटांपर्यंत खाली प्लास्टरसकट काढल्या, तर अर्धा ब्रास निघतो. तो सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत, एका माणसाला पेलेल अशी तीस किलोंची गोणी करून भरला, तर साठ-सत्तर गोण्या होतात. ‘थोडंसंच काम आहे’ म्हणणाऱ्या माणसानं हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

आता ठराव. काम मटेरियलसकट उक्तं असो की नुसत्या मजुरीवर, स्टॅम्प पेपर नसला तरी चालेल, पण साध्या कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. मी आता हा मजकूर वापरतो, तो जसाच्या तसा उतरवून घ्या:

“पाडकामातून आणि नव्या कामातून निघणारा सर्व राडारोडा, टाइल्सचे तुकडे, रिकाम्या गोण्या व डबे ठेकेदार स्वखर्चाने उचलेल. पाडकामाचा राडारोडा पाडल्यापासून आठ दिवसांत आणि उरलेला काम संपल्यापासून तीन दिवसांत उचलला जाईल. तो …… येथे टाकला जाईल. नदी, ओढा, गटार, रस्ता, गायरान किंवा परवानगीशिवाय कुणाच्याही खासगी जागेत टाकला जाणार नाही. रस्ता व गटार पूर्ववत साफ करून दिल्यानंतरच शेवटचा हप्ता देय राहील.”

यातली मोकळी जागा भरल्याशिवाय सही करू नका. ‘टाकतो कुठंतरी, तुम्ही काळजी करू नका’ या उत्तरातलं ‘कुठंतरी’ म्हणजे बहुतेक वेळा ओढा असतो. आणि शेवटचा हप्ता नावापुरता ठेवू नका. राडारोडा उचलायला जेवढा खर्च येईल त्याहून तो मोठा असेल, तरच तो उचलला जाईल.

काम मजुरीवर असेल तर वाहतूक बहुधा मालकाकडेच येते. तिथेही तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात: ट्रॅक्टर कोणाचा, भरणी कोणाची आणि जागा कोणाची. ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलेल्या भाड्यात भरणी नसते, हे ट्रॉली दारात उभी राहिल्यावर कळतं आणि मग ऐनवेळी बिगारी शोधत फिरावं लागतं. जुन्या पेठेतल्या बोळात ट्रॅक्टर शिरत नाही. पूर्वी अशा बोळांतून गाढवांवरून माती-विटा वाहत. आता घमेल्यांनी किंवा गोण्या पाठीवर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत आणाव्या लागतात. त्या मजुरीचा दर वेगळा पडतो आणि तो पडायलाच हवा.

आणखी एक घोळ हमखास होतो. गवंड्याचं काम संपलं की प्लंबर येतो, मग वायरमन, मग रंगारी, मग फर्निचरवाला. प्रत्येक जण थोडा थोडा कचरा ठेवून जातो आणि प्रत्येकाच्या मते तो आधीच्याचा असतो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक रिकामी गोणी द्यायची आणि संध्याकाळी जाताना आपला कचरा त्यात भरून जायला सांगायचं. माणसं ऐकतात. सांगितलं नाही तर मात्र कुणाला सुचत नाही.

जुन्या घराचं पाडकाम असेल तर निघणाऱ्या चांगल्या वस्तूंचा ठरावही वेगळा करा. सागवानी चौकटी, तुळया, खण, घडीव दगड, मंगलोरी कौलं, लोखंडी गज यांना गिऱ्हाईक असतं. ‘लाकूड-लोखंड आमचं, त्या बदल्यात सगळं साफ करून देतो’ असा सौदा पाडकामवाले करतात. तो वाईट नसतो, पण आधी दोन ठिकाणी लाकडाचा भाव काढा. जुन्या सागाची एक चांगली चौकट कधीकधी सगळ्या ट्रॉल्यांच्या भाड्याहून जास्त किमतीची निघते. आणि सौदा केलाच, तर साफ करून देणं म्हणजे लाकूड काढून माती सोडून जाणं नव्हे, हेही लिहून घ्या.

आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, भेंड्यांच्या असतात. ही माती खरं तर कचरा नव्हेच. ती ढेकळं फोडून जोत्यात भरता येते, अंगणात पसरता येते, पुन्हा भिजवून लिंपायला घेता येते. पण तिच्यावर पुढच्या पिढीनं सिमेंटचं प्लास्टर चढवलेलं असतं. दोन्ही एकदम पाडली की माती वाया जाते. आधी प्लास्टर खरवडून वेगळं काढा, मग भिंत उतरवा. एक दिवस जास्त लागतो, पण दोन-तीन ट्रॉल्या वाचतात.

वेगळं करण्याचा मुद्दा एवढ्यावर संपत नाही. विटा, दगड, काँक्रीट, टाइल्स हा स्वच्छ राडारोडा भरावाला चालतो. कुणाचं जोतं भरायचं असतं, कुणाच्या शेताच्या वाटेवर चिखल होतो. अशी मागणी रहिमतपूरच्या आसपास नेहमीच असते, नुसती चौकशी करावी लागते. पण त्यात प्लॅस्टिक, काच, पीओपी, वायर मिसळली की तोच माल कुणी घेत नाही. शेतात गेलेला काचेचा तुकडा पुढं दहा वर्षं कुणाच्या तरी पायात जातो. द्यायचाच तर जागेच्या मालकाकडून दोन ओळींची संमती घ्या. त्याचा फोटो आणि ट्रॉली रिकामी होतानाचा फोटो जवळ ठेवा. ट्रॅक्टरवाल्यानं वाटेतच माल ओतला आणि उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं, तर हाच कागद तुमच्या बाजूनं बोलेल. हा राडारोडा खडी म्हणून स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये वापरायचा सल्ला कुणी दिला तर मात्र ऐकू नका. पुनर्वापराची खडी काँक्रीटमध्ये किती आणि कुठं चालते याची भारतीय मानकं आहेत, पण ती प्रक्रिया केलेल्या, तपासलेल्या खडीसाठी आहेत, दारातल्या ढिगासाठी नाहीत.

तीन गोष्टी विशेष सांभाळून हाताळायच्या. पहिली, रंग दिलेलं जुनं लाकूड. आपल्याकडे ते सरळ बंबात जातं. जुन्या तेलरंगात शिसं असायचं. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या खाली ठेवण्याचा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या खिडक्या-दारांवर काय आहे याची खात्री देता येत नाही. असं लाकूड, प्लायवूडचे तुकडे आणि लॅमिनेट बंबात किंवा चुलीत घालू नका, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर. तांबं मिळवण्यासाठी वायरी जाळणंही तितकंच घातक. त्या भंगारवाल्याला सोललेल्या नसल्या तरी चालतात.

दुसरी, गोठ्यावरचे आणि न्हाणीवरचे सिमेंटचे जुने पत्रे. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. पत्रा अख्खा असतो तोवर त्रास कमी, पण तो घणानं फोडला किंवा करवतीनं कापला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात बसतात. त्यातून होणारे आजार वीस-तीस वर्षांनी उमटतात. पत्रे ओले करून, बोल्ट सोडवून अख्खेच उतरवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, भरावात टाकू नका. नगरपालिकेकडे विचारा, तिथे उत्तर मिळालं नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साताऱ्याच्या कार्यालयात लेखी विचारा. तिसरी, रंगाचे डबे, थिनर, ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे. हा घरगुती घातक कचरा समजला जातो. तो वेगळ्या पिशवीत, घंटागाडीवर सांगून द्यायचा.

पाडताना पाणी मारत राहा, ही सूचना शेजाऱ्यांसाठी जेवढी आहे तेवढीच बिगाऱ्यांसाठी. विटा, काँक्रीट आणि टाइल्सच्या धुळीत सिलिका असते. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही. चांगला मास्क महाग नसतो, आणि तो घेऊन देणं हे काम काढणाऱ्याचंच आहे.

जागेचा प्रश्न उरतो. आपल्या मालकीची जागा नसेल आणि भरावाला गिऱ्हाईकही मिळालं नाही, तर काम सुरू होण्याआधीच नगरपालिकेच्या स्वच्छता विभागात जा. राडारोडा कुठे टाकायचा, शुल्क किती आणि पालिकेची गाडी मिळते का, हे लेखी अर्जावर विचारा आणि पोच घ्या. साहित्य किंवा राडारोडा रस्त्यावर चार दिवस ठेवावा लागणार असेल तर तेही त्याच वेळी सांगा. मुंबईत महापालिकेनं यासाठी मागणीनुसार राडारोडा उचलण्याची सेवा ठेवली आहे आणि प्रक्रिया केंद्रंही उभी केली आहेत. आपल्यासारख्या गावाला एवढं मोठं केंद्र लागणार नाही, एक कुंपण घातलेली जागा आणि आठवड्यातून एक ट्रॉली पुरेल. पण मागणीचे अर्जच गेले नाहीत तर ती जागा कोण आणि कशाला शोधेल? म्हणून घराच्या प्रत्येक कामामागे एक अर्ज जायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ओढ्याबद्दल मी जरा जास्तच बोलतो, ते ऐकून घ्या. कमंडलू आपल्या गावाची नदी. तिला मिळणारे ओढे-ओघळ उन्हाळ्यात कोरडे दिसतात, आणि कोरडी जागा म्हणजे रिकामी जागा, असा आपला समज होतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा त्याही ओढ्याचं पात्र बांधकामांनी आणि भरावानं आक्रसलेलं होतं. पुण्यात आणि परिसरात त्या पावसानं वीसहून अधिक माणसं नेली. कुणी एकानं तो ओढा बुजवला नव्हता. ट्रॉली-ट्रॉलीनंच तो अरुंद झाला होता. रात्री दिवे बंद करून ओढ्याकाठी रिकामी होणारी ट्रॉली दिसली तर तिचा नंबर टिपून नगरपालिकेला कळवा, मग ती ओळखीच्या माणसाची असली तरी.

साताऱ्यात किंवा पुण्यात फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी, लिफ्टऐवजी जिन्यानं गोण्या उतरवण्याची वेळ आणि राडारोड्यासाठी घेतलेली अनामत परत मिळण्याची अट आधी समजून घ्या. भाड्याच्या घरात भाडेकरूनं काम काढलं असेल तर घरमालकाशी हेच बोलणं दोन ओळींत लिहून ठेवा.

आणि ठराव असूनही ठेकेदार फिरकलाच नाही तर? आधी ढिगाचे तारखेसह फोटो काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर सात दिवसांची मुदत देणारा स्पष्ट संदेश पाठवा, नंतर तोच मजकूर स्पीड पोस्टानं. मुदत संपली की स्वतः ट्रॉली लावा, पावती घ्या आणि तेवढी रक्कम शेवटच्या हप्त्यातून कापून उरलेली त्याला द्या. सगळे पैसे आधीच देऊन बसला असाल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. पण या काळात ढीग रस्त्यावर पडू देऊ नका. भांडण तुमचं आणि ठेकेदाराचं आहे. गटार सगळ्या आळीचं आहे.

मागच्या फाल्गुनात मी पुढच्या खोलीची फरशी बदलली. ठेकेदार दुसरा होता, कागद वर दिला तोच. पाडकामाच्या चौथ्या दिवशी ट्रॉली आली. फरशीचे चांगले शहाबादी तुकडे एका ओळखीच्या शेतकऱ्यानं विहिरीजवळच्या वाटेला नेले, उरलेलं एका जोत्यात गेलं. शेवटचा हप्ता घ्यायला ठेकेदार आला तेव्हा मी पैसे मोजण्याआधी त्याला घेऊन बाहेर गेलो. आळीच्या वरच्या टोकाला गटारात दोन बादल्या पाणी ओतलं आणि आम्ही दोघं खालच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. पाणी काकूंच्या दारावरून न थांबता खाली आलं. मग त्याला पैसे दिले.